जासिबने पाना खाली ठेवला

ऑगस्टमध्ये बसऱ्यात माणसं देवालाही टाकून बोलतात, तिथे जनरेटरवाल्याची काय कथा. आमच्या गल्लीचा जनरेटर जासिब चालवायचा. तो त्याच्या मालकीचा नव्हता. मालक हाजी मिन्शिद नव्या वस्तीत राहायचा, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे सरकारी लाइन गेली आणि जनरेटरही रुसला, की शिव्या कुणाला द्यायच्या याचा विचार करावा लागत नसे. जासिब समोरच असायचा.

माझं इस्त्रीचं दुकान त्या पत्र्याच्या शेडच्या बरोबर समोर. मधे फक्त रस्ता. वीज नसली की माझी इस्त्रीही थंड, मग मी दारात स्टूल टाकून बसायचो आणि जो तमाशा चालेल तो बघायचो.

उम्म निजार गच्चीवरून ओरडायची, "जासिब! मेलास की काय रे? माझं मांस सडलं फ्रीजमध्ये. तुझं नशीब असंच सडो!"

"आमीन, खाला. पण आधी वॉशिंग मशीन बंद करा, मग खटका वर करतो."

"मशीन चालू आहे असं कोण म्हणालं तुला?"

"गच्चीवर अर्धेच कपडे वाळतायत. उरलेले अर्धे कुठे गेले?"

गल्ली हसायची. उम्म निजार आणखी दोन शिव्या घालून खाली जायची आणि मशीन बंद करायची.

शेडच्या दाराशी तो बर्फाच्या पाण्याचा एक डबा ठेवायचा. कुणीही तावातावाने आला, की जासिब आधी हात फडक्याला पुसायचा, पेला भरायचा आणि पुढे करायचा. लोकांना वाटायचं, किती भला माणूस! मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "उस्ताद, पाणी पिताना माणसाला बोलता येत नाही. तेवढ्यात मला सुचतं."

काही जण म्हणायचे की त्याचे कान गेलेत म्हणून तो शांत आहे. डावा कान खरंच अधू झाला होता, त्या इंजिनाशेजारी आयुष्य काढल्यावर दुसरं काय होणार? पण उजव्या कानाने त्याला सगळं ऐकू यायचं. आणि तो काही साधुसंत नव्हता. त्याची बायको, उम्म मुहन्नद, माझ्या बायकोला सांगायची की उन्हाळ्यात तो झोपेत दात खातो, इतके की एकदा दाढेचा टवका उडाला.

जासिब मूळचा अबुल खसीबचा. तिथे नदीच्या काठाने त्यांची खजुराची बाग होती, आणि पाटाचं पाणी शेजारच्या बागेबरोबर पाळीपाळीने घ्यायचं असे. त्याचा थोरला भाऊ साबरी फार तापट. एका संध्याकाळी पाळीवरून वाद निघाला. शेजारी सहज बोलल्यासारखं बोलला, "तुमच्या घरात पाण्याची राखण बायका करतात वाटतं?" साबरीच्या हातात फावडं होतं. माणूस पाटात पडला तो उठलाच नाही.

साबरी तुरुंगात गेला आणि तिथेच वारला. जमातीने निवाडा दिला की या घराने गाव सोडावं. जासिब तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. सामान ट्रकमध्ये भरलं, आणि आई निघता निघता झाडाखाली वाकून पिकत आलेले खजूर ओच्यात गोळा करू लागली. मामाने तिला दटावलं, "चल आता, हे आपले राहिले नाहीत." तिने ओचा तिथेच सोडला.

नंतर जासिब शत्त नदीवरच्या होड्यांमध्ये इंजिनाचं काम शिकला. तोही भावाच्याच रक्ताचा. एका खलाशाचं नाक त्याने फोडलं होतं. त्या रात्री आई त्याला एवढंच म्हणाली, "तुझा हात पुन्हा उठला, तर मी पुन्हा ट्रकमध्ये बसणार नाही. मला इथेच पुरा." हे त्याने मला खूप वर्षांनी सांगितलं, तेही त्या हातिमचं प्रकरण झाल्यावर.

हातिम आमच्या गल्लीत नवा होता. बंदरावर क्रेन चालवायचा. आडवा बांधा, मोठा आवाज, आणि कुणी आपल्याला फसवतंय अशी कायमची शंका. त्याची म्हातारी आई, हज्जिया फखरिया, त्याच्याजवळ राहायची. तिची फुप्फुसं निकामी होत आली होती आणि प्राणवायूचं यंत्र दिवसरात्र लावलेलं असायचं. हातिमचं आईवर जीवापाड प्रेम होतं. ती खोकली तरी तो बंदरावरून फोन करायचा.

त्या उन्हाळ्यात त्याने आईच्या खोलीत एसी बसवला, आणि मग गुपचूप दुसरा स्वतःच्या खोलीतही. जनरेटरवर त्याची लाइन एकाच एसीच्या मापाची होती. साहजिकच खटका पडायला लागला. जासिब त्याला बाजूला घेऊन, आमच्याकडे मारतात तशी मुलाच्या नावाने हाक मारून म्हणाला, "अबू सैफ, दुसरा एसी जनरेटरच्या वेळी बंद ठेव. नाहीतर आईचं यंत्रही बंद पडेल."

"माझ्या घरात किती एसी आहेत ते मोजायला बसलायस का तू?"

"मी नाही रे मोजत. खटका मोजतो."

हातिमला ते झोंबलं. तो गल्लीत सांगत सुटला की जासिब मुद्दाम आपली लाइन पाडतो.

मग ती दुपार आली. सरकारी लाइन सकाळपासून नव्हती. दुपारच्या नमाजानंतर थोड्याच वेळात जनरेटरमधून शिट्टीसारखा आवाज आला, पांढरी वाफ पत्र्याबाहेर आली, आणि इंजिन बंद. रेडिएटरचा रबरी पाइप फाटला होता. गल्लीभर पंखे थांबले. दारं उघडली, माणसं बाहेर आली. मीही रस्ता ओलांडून गेलो.

जासिब इंजिन जरा निवायची वाट बघत फाटलेल्या पाइपाचा चिमटा ढिला करत होता. हातात मोठा पाना, अंगावरचा सदरा घामाने चिकटलेला. नवा पाइप त्याच्याकडे होता, मापाला कापून ठेवलेला. तेवढ्यात हातिम आला. अनवाणी. सात-आठ माणसं शेडच्या तोंडाशी उभी होती, त्यांना ढकलून तो आत घुसला.

"आज काय निमित्त काढलंस? माझी आई मरायची वाट बघतोयस?"

"पाइप फाटलाय, अबू सैफ. लागेल थोडा वेळ. आईजवळ कोण आहे?"

"आईचं नाव घेऊ नकोस तोंडाने! मला ठाऊक आहे तू कोण आहेस. बागेतून हाकलून दिलेल्या खुन्याचा भाऊ! दुसऱ्याचा श्वास बंद करायची सवयच आहे तुमच्या घराण्याला!"

गल्लीत साबरीची गोष्ट काही जणांना माहीत होती, पण कुणी कधी उच्चारली नव्हती. तेवढ्यावर न थांबता हातिमने हात उगारला आणि जासिबच्या डोक्यावरचा रुमाल काळ्या दोरीसकट उडवला. तो तेलाने भिजलेल्या जमिनीवर जाऊन पडला.

आमच्याकडे पुरुषाच्या डोक्यावरचं कापड कुणी असं पाडत नाही. यावरून गोळ्या चालल्यात.

मी जासिबच्या हाताकडे बघत होतो. पाना त्याच्या मुठीत होता आणि मूठ पांढरी पडली होती. मग तो वाकला आणि पाना खाली ठेवला. रुमाल उचलायला वाकला नाही, पाना ठेवायला वाकला. नंतर मी त्याला विचारलं की त्या क्षणी काय आठवलं, भाऊ का आई? तो म्हणाला, "खोटं कशाला बोलू? काहीच आठवलं नाही. पाना फार जड लागला, एवढंच."

सरळ उभा राहून तो म्हणाला, "यंत्र बंद पडून किती वेळ झाला?"

अंगावर येणारा माणूस हातिमला हवा होता. "आत्ताच... बंद पडल्याबरोबर आलो."

"उस्ताद," जासिब माझ्याकडे वळला, "माझ्या घरी जा. उम्म मुहन्नदला सांग, ट्रकची बॅटरी आणि इन्व्हर्टर दे. पंख्याची वायर काढ म्हणावं. हज्जियाच्या खोलीत नेऊन यंत्राला जोड. पळ."

मी पळालो. मागे वळून बघितलं तेव्हा तो हातिमला म्हणत होता, "तू क्रेनवाला. तुझे हात मजबूत आहेत. हा पाइप दोन्ही हातांनी इथे दाबून धर, मी चिमटा आवळतो. एकट्याने करायला गेलो तर संध्याकाळ होईल."

उम्म मुहन्नदने एक अक्षर न विचारता पंख्याची वायर काढली. तिने आणि मी बॅटरी दोन बाजूंनी धरून नेली. हज्जिया फखरिया पलंगावर उठून बसली होती, ओठ निळसर, सून तिला पुठ्ठ्याने वारा घालत होती. यंत्र घरघरलं आणि सुरू झालं. थोड्या वेळाने म्हातारीने डोळे उघडले आणि विचारलं, "हातिम कुठाय? भांडायला गेला ना?"

मी परतलो तेव्हा हातिम गुडघ्यांवर बसून पाइप धरून होता. वाफेने त्याचं मनगट भाजलं होतं, पण सोडला नव्हता. "आई बरी आहे," मी सांगितलं. त्याने मान खाली घातली. जासिब म्हणाला, "हलू नकोस रे, अजून एक आटा बाकी आहे." मग त्यांनी रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि इंजिन लागलं. गल्लीत टाळ्या वाजल्या. हातिम निघून गेला. जासिबने तेव्हा कुठे रुमाल उचलला. तेलाने माखला होता. दोनदा झटकला, बघितला, आणि खांद्यावर टाकला.

मग तो माझ्या दुकानात आला, इस्त्रीच्या टेबलामागे बसला, आणि चहाचा पेला मला त्याच्या तोंडाशी धरावा लागला.

प्रकरण तिथेच संपलं असतं, पण गल्लीत जीभ कुणाची थांबते? दुसऱ्या दिवशी जासिबच्या चुलत भावांच्या कानावर गेलं. तिसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा हातिमच्या भिंतीवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की हा माणूस जमातीला हवा आहे. हे लिहिलं गेलं की त्या घरी कुणी फिरकत नाही, घरातली पोरं शाळेत जात नाहीत, आणि समेट लवकर झाला नाही तर पुढचा निरोप बंदुकीतून येतो.

मी दुकान उघडायला आलो तर जासिब त्या भिंतीशी उभा. हातात डिझेलचा डबा आणि लोखंडी ब्रश. तो अक्षरं घासत होता. हातिम दाराच्या फटीतून बघत होता, पण बाहेर यायची छाती होत नव्हती.

"अबू मुहन्नद, हे तू करतोयस हे तुझ्या भावांना कळलं तर?" मी म्हटलं.

"कळेलच. आज दुपारी जेवायला बोलावलंय मी त्यांना." मग दाराकडे बघून म्हणाला, "अबू सैफ, लाल रंग पूर्ण जात नाही. वरून चुना मारून घे."

दुपारी भाऊ आले. सगळ्यांत पुढे तहसीन, जासिबच्या मुलाच्या वयाचा, पण आवाज बापाचा. आणि घरातले सगळ्यांत वडील मुतश्शर चचा, काठी टेकत. जासिबने मलाही बोलावलं होतं, साक्षीला. भात होता, भाजलेला मासा होता, कुणी हात लावेना.

"तुझा रुमाल पडला म्हणजे आमचा सगळ्यांचा पडला," तहसीन म्हणाला.

"माझा मी उचलला. धुऊन दोरीवर वाळतोय."

"थट्टा करू नकोस! लोक म्हणतायत, जासिब भ्याला."

"तहसीन, मी जनरेटर चालवतो. लोक मला काय काय म्हणतात ते एक दिवस येऊन ऐक. भ्याला हे त्यातलं बरंच सौम्य आहे."

"मग उम्म मुहन्नदची ओढणी बांध डोक्याला!"

पडद्याआडून उम्म मुहन्नदचा आवाज आला, "माझी ओढणी मला लागते, बाळा. तू आधी जेव. मासा गार होतोय."

मुतश्शर चचांच्या मिशा हलल्या. पण ते हसले नाहीत. म्हणाले, "पोरगं उद्धट आहे, पण बोलतंय ते जमातीचं बोलतंय. तुला काय हवंय, जासिब?"

जासिबने ताट बाजूला सरकवलं. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"चचा, साबरीने फावडं उचललं तेव्हा तुम्ही पाटावर होतात. तुम्ही सगळेच होतात. 'सोडू नको, साबरी!' असं ओरडलं कोण, मला आठवतंय. नाव नाही घेत. मग ट्रक आला. त्या ट्रकमध्ये मी होतो, आई होती, बहिणी होत्या. 'सोडू नको' म्हणणाऱ्यांपैकी एकही जण त्या ट्रकमध्ये चढला नाही. तुमच्या बागा अजून तुमच्याच आहेत. आमची आई इथे भाड्याच्या खोलीत मेली. आता हातिमचं काय करायचं ते तुम्ही ठरवणार, आणि पुन्हा ट्रक यायचा तो माझ्या नाहीतर त्याच्या दाराशी."

तहसीन माशाकडे बघत होता. त्याला ही गोष्ट कुणी अशी सांगितलेली नसावी.

शेवटी मुतश्शर चचा म्हणाले, "बरं. पण बैठक व्हायलाच हवी. तो आला, बसला, बोलला, तर ही पोरं शांत होतील. नाहीतर माझंही ऐकणार नाहीत."

बैठक चचांच्या दिवाणखान्यात झाली. हातिम त्याच्याकडच्या तीन वडीलधाऱ्यांना घेऊन आला. मनगटाला पट्टी. कॉफी फिरली. रिवाजाप्रमाणे त्यांच्या सगळ्यांत वडील माणसाने कप समोर ठेवला आणि तोंडाला लावला नाही, मागणं मान्य होईपर्यंत लावायचा नसतो. हातिम उभा राहिला. क्रेनवर बसून सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं ओरडणारा माणूस, पण त्या दिवशी त्याचं ऐकायला सगळ्यांना पुढे झुकावं लागलं.

"मी हात उचलला. चूक झाली. आई... मला वाटलं आई गेली."

"बस," जासिब म्हणाला. "रुमालाचं मला काही नाही. आईसाठी धावत आलास, मीही आलो असतो. पण साबरीबद्दल बोललास ते लागलं मला. अजून लागतंय. ते पुन्हा कुणासमोर बोलू नकोस."

हातिमने मान डोलावली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला त्याने मनगटाची पट्टी नीट करायला घेतली.

"आता तुझी अट सांग," मुतश्शर चचा म्हणाले. सगळे सरसावून बसले. इथे भरपाईचा आकडा बोलला जातो, मग देवासाठी थोडा सोडायचा, पाहुण्यांसाठी थोडा, असं करत करत तो खाली येतो.

"जनरेटर चालू असताना दुसरा एसी बंद," जासिब म्हणाला.

क्षणभर कुणाला कळलंच नाही.

"दुसरा एसी नाहीच आहे माझ्या..." हातिमने सुरुवात केली.

"अबू सैफ."

"...बरं. बंद ठेवतो."

आधी मुतश्शर चचा हसले, मग सगळी बैठक. त्या पाहुण्या म्हाताऱ्याला ठसका लागला. जासिब त्याला म्हणाला, "कॉफी घ्या हाजी, गार होते." त्याने कप उचलला. तहसीन हसला नाही. तो नंतरही बरेच महिने जासिबशी अंतर राखून बोलायचा. काही माणसांना पटायला वेळ लागतो, काहींना पटतच नाही.

हज्जिया फखरिया त्या हिवाळ्यात गेली. यंत्र चालू असतानाच, झोपेत. सुतकाचा मंडप गल्लीत पडला तेव्हा दिव्यांची लाइन जासिबने आपण होऊन ओढून दिली. हातिमने त्याला आपल्या भावांच्या रांगेत बसवलं, आणि सांत्वनाला येणारे लोक त्याच्याशीही हात मिळवून पुढे जात होते.

यानंतर हातिम बदलला असं मी म्हणणार नाही. त्याचा आवाज तेवढाच राहिला, शंकाही राहिली. जासिबला तो चचा म्हणू लागला, इतकंच, "चचा, हे काय चाललंय?" असं ओरडायचा. वसंतात जासिबच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने त्याला धूर-धुळीपासून लांब राहायला सांगितलं. शेडमध्ये कोण बसणार? हातिमने बंदरावर रजा टाकली आणि किल्ली मागून घेतली.

पहिल्याच दुपारी त्याने दोघांशी भांडण केलं आणि कोपऱ्यातल्या विटांचा ढिगारा लाथेने पाडला. माझ्या दुकानात आला तो लालबुंद. "उस्ताद, हा माणूस रोज हे ऐकतो?"

"रोज."

"आणि कुणाला मारत नाही?"

दुसऱ्या दिवशी त्याने शेडच्या दाराला आतून कडी लावून घेतली, आणि लोक बाहेरून पत्र्यावर थापा मारत बसले. मी संध्याकाळी जासिबला बघायला गेलो आणि हे सांगितलं. डोळ्यावर पट्टी, उशीला टेकून बसलेला. तो हसायला लागला, थांबेचना. उम्म मुहन्नद स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, डोळ्याला ताण पडेल! उस्ताद, तुम्ही जा बघू घरी."